कूलरमागचे दोन ससे : घरात ठेवावेत की अंगणात?

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. तासगावजवळच्या एका बंद पडलेल्या ससेपालनाच्या शेडमधून आपण पाच आठवड्यांपूर्वी एक नर आणि एक मादी असे दोन पांढरे ससे आणले. तेव्हापासून ते सांगलीतील आपल्या घराच्या मधल्या खोलीत, थंडीमुळे बाजूला लावून ठेवलेल्या कूलरच्या मागे दडून बसतात. जवळ गेले की भिंतीला चिकटतात, मादी गुरगुरते आणि एकदा तिने आपल्या मुलीच्या बोटाला दात लावले. उचलून मागच्या अंगणात सोडले तर तुळशीच्या कट्ट्याआड गोठल्यासारखे बसून राहतात आणि परत धरताना अर्धा तास धावाधाव होते. आपल्या आईंचे म्हणणे असे की जनावराची जागा अंगणातच. शेजारी म्हणतात, दंडोबाच्या डोंगरात सोडून मोकळे व्हा. आणि आपण विचारले आहे की यांना आत ठेवावे की बाहेर, आणि उन्हाळ्याच्या आत बाहेरची सवय लावता येईल का.

मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून याच जिल्ह्यात २८ वर्षे नोकरी केली. शेड बंद करणाऱ्यांनी वाटून टाकलेले किंवा मुलांचा हट्ट ओसरल्यावर कोणीतरी आणून दिलेले ससे निवृत्तीच्या आधीपासूनच माझ्या घरी येत गेले आणि आतापर्यंत असे चाळीसेक ससे मी सांभाळले आहेत. मी शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचा निर्णय पशुवैद्यकांनीच करावा. मात्र भ्यालेला ससा घरात कसा रुळतो, याविषयी अनुभवाने बोलू शकते.

माझ्या मते आपली अडचण आत की बाहेर ही नाहीच. या सशांना गेल्या पाच आठवड्यांत स्वतःच्या पायांनी कुठेही जाता आलेले नाही, हे दुखणे आहे. शेडमधल्या दीड-दोन फुटांच्या जाळीच्या पिंजऱ्यातून कोणीतरी धरून काढले, खोक्यात घातले, खोलीत सोडले, पुन्हा धरले, अंगणात सोडले, पुन्हा धरले. सशाला जमिनीवरून वर उचलणारी गोष्ट निसर्गात एकच असते आणि तिच्या तोंडी सापडलेला ससा परत येत नाही. आपण कितीही मायेने उचलले तरी त्याच्या अंगाला तेवढेच कळते. म्हणून अंगणाची प्रत्येक फेरी त्याच्या लेखी दोन हल्ल्यांची ठरते, एक नेताना आणि एक आणताना, आणि मधला अर्धा तास तो दुसऱ्या हल्ल्याची वाट पाहण्यात घालवतो. आपण त्याला ‘अंगणाची भीती’ म्हणता. अंगण बिचारे त्यात कुठेच नाही.

‘आभाळ पडलं, पळा पळा’ या गोष्टीमुळे आपण सशाच्या भित्रेपणाला लहानपणापासून हसत आलो आहोत. परंतु पान पडल्यावर जो ससा पळाला नाही, त्याचा वंश पुढे चालला नाही, इतका साधा हिशेब त्या भित्रेपणामागे आहे.

पुढे जाण्याआधी एक गोष्ट या आठवड्यातच करून घ्यावी. दोघांनाही पशुवैद्यकांकडून तपासून घ्यावे, कारण दुखणारा ससा आणि घाबरलेला ससा दिसायला सारखेच असतात. शेडमधून आलेल्या सशांच्या मागच्या टाचांना तारेच्या जाळीमुळे केस जाऊन जखमा झालेल्या असतात. नाकाच्या कडा, कान आणि पंजे यांवर खरजेची पांढरट खपली असते, आणि ती खरूज हाताळणाऱ्या माणसालाही खाज सुटवू शकते. दात सतत वाढत असल्यामुळे दाढांची टोके गालात रुतलेली असू शकतात. कुत्र्यांसाठी मिळणारे फिप्रोनिलचे गोचीडनाशक सशाला चालत नाही आणि पेनिसिलिन गटातील औषधे तोंडावाटे दिल्यास त्याच्या आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून जिवावर बेतते. म्हणून घरातले उरलेले औषध परस्पर देऊ नये, आणि आपण ससा आणत आहोत हे दवाखान्यात आधी फोन करून सांगावे.

त्याच भेटीत नर-मादीची खात्री करून घ्यावी. ‘दोन बहिणी’ म्हणून माझ्याकडे आलेल्या जोड्यांपैकी निम्म्या तरी महिन्याभरात व्यालेल्या आहेत. आपल्याकडे नर-मादी असल्याचे आपणच लिहिले आहे आणि सशाचा गाभणकाळ साधारण ३१ दिवसांचा असतो. आपल्या मादीची गुरगुर ही केवळ भीती असेलच असे नाही. ती गाभण असू शकते, आणि छातीचे केस उपटून ती कूलरमागे गोळा करत असेल तर बहुधा आहेच. मादी व्याल्याच्या दिवशीच पुन्हा गाभण राहू शकते, त्यामुळे आतापासूनच दोघांच्या मध्ये जाळी लावावी, एकमेकांचा वास आणि सहवास मिळेल पण अंगाला अंग लागणार नाही अशी. पुढे नराचे खच्चीकरण करावे. त्यानंतरही काही आठवडे तो गर्भधारणा करू शकतो, हे मात्र विसरू नये. शस्त्रक्रियेआधी कोणी ‘रात्रभर उपाशी ठेवा’ असे सांगितले तर नम्रपणे पुन्हा विचारावे, कारण सशाला उलटी होतच नाही आणि उपासाने त्याचे आतडे मंदावते.

आता खोलीविषयी. ससे भिंतीच्या कडेने पळतात, मधे येतच नाहीत, असे आपण लिहिले आहे आणि खोलीत पांढऱ्या चकचकीत फरश्या असल्याचेही ओघात सांगितले आहे. माझ्या अंदाजाने उत्तराचा मोठा भाग तिथेच आहे. सशाच्या तळपायाला कुत्र्या-मांजरासारखी मऊ गादी नसते, तिथे केसच असतात आणि गुळगुळीत फरशीवर ते घसरतात. ज्याचा सगळा जीव पळून जाण्यावर अवलंबून आहे, त्याला पाय रोवता येत नसेल तर तो मधल्या मोकळ्या जागेत येईलच कशाला? कूलरपासून खोलीच्या मध्यापर्यंत एक जुनी सुती सतरंजी टाकून पाहावी. माझ्या घरी एका मोठ्या नराने आठ दिवस न ओलांडलेली खोली सतरंजी टाकल्याच्या रात्री ओलांडली होती. सकाळी दुसऱ्या टोकाला लेंड्या सापडल्या म्हणून मला कळले. प्लास्टिकच्या खताच्या पिशव्या मात्र अंथरू नयेत, त्यांचे धागे कुरतडून पोटात अडकतात.

दुसरे, कूलरमागची जागा ही लपण्याची जागा असली तरी ती एकाच तोंडाची आहे. मागे भिंत आणि समोर माणूस अशी स्थिती झाली की सशापुढे चावण्याशिवाय पर्याय उरत नाही, आणि आपल्या मुलीच्या बाबतीत नेमके तेच घडले असावे. दोन पुठ्ठ्याचे खोके घ्यावेत आणि प्रत्येकाला समोरासमोर दोन दारे कापावीत, म्हणजे एकीकडून कोणी आले तर दुसरीकडून निघता येते. खोके सतरंजीवर ठेवून द्यावेत आणि त्यांत ससा असताना आत हात घालू नये. हा नियम घरातल्या प्रत्येकाने पाळायचा. पाहुण्यांनी तर नक्कीच.

आपले ससे पांढरे आणि लाल डोळ्यांचे आहेत, म्हणजे त्यांच्या डोळ्यांत रंगद्रव्य नाही. त्यांना झगझगीत उजेड सोसत नाही आणि अंतराचा अंदाजही कमी येतो. ते बसल्या जागी डोके हलकेच डावी-उजवीकडे झुलवतात, त्याला आपण ‘झटका’ समजला आहात. समोरच्या वस्तूचे अंतर जोखण्याची ती त्यांची रीत असू शकते. मान एका बाजूला कायमची वाकडी झाली तर मात्र तो आजार असतो. शिवाय कुठल्याही सशाला स्वतःच्या नाकासमोरची थोडीशी जागा दिसत नाही. तिथे अचानक बोट आले तर ते काय आहे हे कळण्याआधीच तो प्रतिकार करतो. मुलीला सांगावे की हात नाकाकडे न्यायचा नाही; पुढे कधी ससा आपणहून जवळ आला तर कपाळावर, दोन कानांच्या मधे, वरून हळू ठेवायचा.

ओळख कशी वाढवावी, असे विचारल्यावर मी लोकांना सांगते की रोज संध्याकाळी त्या खोलीत जमिनीवर बसून मेथी निवडा. हे मी गमतीने म्हणत नाही. माणूस बसलेला असावा, त्याचे हात स्वतःच्या कामात असावेत, त्याने सशाकडे टक लावून पाहू नये आणि वेळ रोज तीच असावी. माझ्याकडे दोन वर्षांपूर्वी आलेली एक करडी मादी अठरा दिवस खोक्याच्या दारातून फक्त नाक हलवत असे. एकोणिसाव्या संध्याकाळी मी कोथिंबीर निवडत असताना टाचेला ओलसर काहीतरी लागले. मी मान वळवली नाही. तिने टाच हुंगली, साडीचा काठ दातात धरून एकदा ओढून पाहिला, आणि ताटातली एक काडी उचलून खोक्यात पळाली. मी त्या दिवशी तिला हात लावला नाही. तो मोह आवरला नसता तर पुन्हा अठरा दिवस मोजावे लागले असते.

किती दिवस लागतील, हे मात्र मला सांगता येणार नाही. लहानपणी माणसांच्या हाताखालून गेलेला ससा तीन आठवड्यांत रुळतो. वर्षभर पिंजऱ्यात राहून फक्त कान धरून ओढला गेलेला ससा सहा-आठ महिने घेतो आणि त्यानंतरही कदाचित कधीच मांडीवर बसत नाही. प्रगती ओळखायची ती मांडीवरून नव्हे. आपण खोलीत असताना तो अंग चाटून साफ करू लागला, मागचे पाय लांब सोडून आडवा झाला, किंवा पहाटे हवेत उडी मारून अंगाला पीळ देऊ लागला, की समजावे, गाडी रुळावर आली. उलट मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटणे हा धोक्याचा इशारा आहे. उसाचा हंगाम चालू आहे, गाणी लावून रस्त्याने जाणारे ट्रॅक्टर रात्री उशिरापर्यंत थांबत नाहीत. अशा वेळी पाय आपटला तर दटावू नये, नेहमीच्या आवाजात दोन शब्द बोलावेत आणि आपले काम चालू ठेवावे. शक्य असेल तर त्यांची खोली रस्त्याकडची नसावी.

भीतीचा संबंध थेट पोटाशी आहे, म्हणून खाण्याविषयी सांगितल्याशिवाय राहवत नाही. घाबरलेला ससा खाणे सोडतो, खाणे सुटले की आतडे मंदावते, आतडे मंदावले की पोट दुखते आणि दुखते म्हणून तो आणखी खात नाही. बारा तास तोंडात काही घेतले नाही, किंवा लेंड्या बारीक, कमी किंवा केसांनी माळेसारख्या जोडलेल्या येऊ लागल्या, तर सकाळची वाट न पाहता डॉक्टर गाठावा. शेडमध्ये त्यांना बहुतेक गोळी खुराकच मिळालेला असतो आणि सुके गवत हे अन्न आहे, हेच त्यांना ठाऊक नसते. खुराक एकदम बंद करू नये. आठ-दहा दिवसांत हळूहळू कमी करत जावे आणि सुके गवत चोवीस तास समोर ठेवावे. अखेरीस आहाराचा चार पंचमांश भाग गवताचा असावा. हरळी उत्तम. लसूणघास वाढत्या पिल्लांना ठीक, मोठ्यांना रोज दिल्यास चुना जास्त होतो. कडब्याची सुकी पाने चालतात, पण ज्वारीचे कोवळे हिरवे पोंगे गुरांनाही बाधतात, तेव्हा सशांना नकोतच. गाजर हे सशाचे अन्न म्हणून चित्रांतून आपल्या डोक्यात बसले आहे. प्रत्यक्षात त्यात साखर बरीच असते, बोटाच्या पेराएवढा तुकडा पुरे. आणि आपल्या भागापुरती एक खास सूचना: द्राक्षबागेच्या बांधावरचे गवत कितीही हिरवेगार दिसले तरी आणू नये. फवारणीचा तुषार तिथे हमखास पोचलेला असतो आणि तणनाशकाचे तर विचारायलाच नको.

आता अंगणाकडे येते. उन्हाळ्याच्या आत बाहेरची सवय लावून उन्हाळ्यात त्यांना बाहेर ठेवण्याचा आपला बेत मला नेमका उलटा वाटतो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही; अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो. पारा २८-३० अंशांच्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो आणि सांगलीत एप्रिल-मेमध्ये तो ४० च्या आसपास जातो. साताऱ्याकडे, त्यातही घाटमाथ्याजवळ, राहणाऱ्यांचे गणित वेगळे असू शकते. आपल्याकडे मार्च ते जूनचा पाऊस येईपर्यंत सशाने दिवसा आतच असावे. बाहेरची सवय लावायला हेच थंडीचे दिवस चांगले आहेत, मात्र ती सकाळ-संध्याकाळच्या फेरीची. मुक्कामाची नव्हे.

ती फेरी अशी सुरू करावी. आधी आतली जागा स्थिर होऊ द्यावी. सतरंजीवरून ते निर्धास्त फिरू लागेपर्यंत अंगण पूर्ण बंद. मग मधल्या खोलीतून मागच्या दारापर्यंत सतरंजीची वाट करावी आणि दाराला लागूनच बाहेर सहा फूट लांब-रुंद एवढेच कुंपण करावे. सगळे अंगण एकदम देऊ नये, मोठी मोकळी जागा भित्र्या सशाला वाळवंटासारखी वाटते. कुंपणात दोन दारांचा एक खोका ठेवावा, उंबरा उंच असेल तर दोन्ही बाजूंना एकेक वीट लावावी, दार उघडावे आणि आपण आत येऊन मेथी निवडत बसावे. पहिले काही दिवस ससा उंबऱ्यापाशी येईल, पुढचे पाय बाहेर आणि मागचे आत असा बसेल, वारा हुंगेल आणि परत फिरेल. फिरू द्यावे. परत येण्याची वाट उघडी आहे, हे त्याला जितक्या वेळा कळेल तितका तो लांब जाईल. परत बोलावायला ताटलीवर चमचा वाजवून कोथिंबिरीची काडी देण्याची सवय आधीपासून आत लावावी, म्हणजे धावाधाव कायमची संपेल. अंगण खोलीला लागून नसेल, तर त्याच युक्तीने खोक्यात आपणहून चढायला शिकवावे आणि खोका उचलावा, ससा नव्हे.

उचलावेच लागले तर एक हात छातीखाली आणि दुसरा मागच्या अंगाखाली घेऊन अंगाशी घट्ट धरावे. सशाची हाडे हलकी असतात आणि मागच्या पायांत ताकद फार असते. अधांतरी लाथ मारली तर त्याचाच कणा मोडू शकतो. कान धरून तर कधीच नाही. उताणा धरला की तो शांत पडतो, ते सुख नसते, मेल्याचे सोंग असते.

कुंपणाची जाळी वेल्डमेशची, अर्ध्या इंचाच्या चौकोनाची असावी. कोंबड्यांची षटकोनी जाळी सशाला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. वरून छत हवे, आणि जाळीचा फूटभर भाग जमिनीत आडवा पुरावा, कारण ससा उकरून बाहेर जातो आणि मुंगूस उकरून आत येते. अंगणातली कण्हेर आणि घाणेरी आधी काढून टाकावी. पावसाळ्यात आपली काळी माती पायांना गोळ्यांसारखी चिकटते आणि ओल्या केसांत माश्या अंडी घालतात. शेपटीखाली एका दिवसात अळ्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत, तेव्हा त्या दिवसांत रोज उलटे न करता, उभ्यानेच, मागची बाजू तपासावी.

रात्री बाहेर ठेवू नये, हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगते. सुरुवातीच्या काळात एका धीट दिसणाऱ्या नराला मी मजबूत पिंजऱ्यात घालून परसात ठेवले होते. सकाळी जाळी शाबूत, कडी लावलेली, अंगावर ओरखडा नाही, आणि ससा मेलेला. बाहेर मांजराचे पंजे चिखलात पिंजऱ्याभोवती गोल गोल उमटलेले होते. जाळीने मांजर अडवले, भीती अडवली नव्हती.

आपले घर पुराच्या पट्ट्यात आहे की नाही, हे आपण लिहिलेले नाही. असेल, तर खोक्यात आपणहून चढण्याची सवय आणखी एका कारणासाठी हवी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही गुरे हलवत होतो, तेव्हा परसातल्या पिंजऱ्यांची आठवण अनेकांना पाणी चढल्यावरच झाली. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० फुटांची इशारा पातळी आली की सशांची जागा वरच्या मजल्यावर, असे घरात ठरवूनच ठेवावे.

शेजाऱ्यांना सांगावे की दंडोबावर असतो तो रानससा वेगळा. तो उघड्यावर राहतो, जन्मतः केस आणि उघडे डोळे घेऊन येतो आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला संरक्षण आहे. ऊसतोडीत त्याचे पिल्लू सापडले तरी घरी आणू नये, वनविभागाला १९२६ वर कळवावे. आपले पांढरे ससे युरोपातल्या बिळात राहणाऱ्या सशाच्या वंशातले, पिढ्यान्पिढ्या पिंजऱ्यात वाढलेले आहेत. माळावर पांढरा ससा एक रात्र काढणार नाही, आणि पाळीव जनावर असे टाकून देणे १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. आपल्या आईंच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे. सशाला माती उकरायला, ऊन खायला मिळालेच पाहिजे. त्यांनाच सकाळचे दार उघडण्याचे काम द्यावे. रोज ठरल्या वेळी उठणारे माणूस सशांना फार आवडते.

राहता राहिला कूलर. मार्चमध्ये तो चालू करावा लागेल आणि ज्याच्या आडोशाला हे दोघे तीन महिने बसले, तीच वस्तू एका दुपारी गर्जना करू लागेल. म्हणून दोन दारांचा एक खोका आजच त्याला लागून ठेवावा, कूलरमागचे अंथरूण न धुता त्यात घालावे, आणि ते आपणहून तिकडे बसू लागले की कूलर रोज वीतभर लांब सरकवावा. पोचेल तितक्या लांब पोचला की पाच मिनिटे सर्वांत कमी वेगावर लावून पाहावा; तेव्हा कोथिंबीर हाताशी ठेवावी.